बाबांची होडी लाकडातच परत बांधून घेतली, दीड वर्ष वापरून झाल्यावरचा अनुभव

हा रिव्ह्यू मी होड्या बांधणाऱ्या कारखान्याचं नाव न देता लिहितेय. तसं करायला त्यांनीच सांगितलंय, कारण काम करणारी माणसं मोजून चार, हातात आधीच तीन होड्या, आणि उगाच फोन सुरू झाले तर काम थांबतं म्हणाले. वेंगुर्ल्याकडे एका खाडीच्या काठाला आहे, किनाऱ्यावरच्या कोणत्याही जुन्या मच्छीमाराला विचारलंत की "ते मेस्त ना, कॉम्प्युटरवाले" असं सांगून रस्ता दाखवतात, मेस्त म्हणजे होड्या बांधणारा सुतार. आमची वाडी मालवण तालुक्यात, मासेमारी दादा करतो, मी कणकवलीला नोकरीला, पण या कामाचे पैसे, हिशोब आणि चौकश्या सगळं माझ्याकडे होतं म्हणून मला बारीकसारीक माहीत आहे. बरेच जण विचारतात की फायबर सोडून लाकडाच्या मागं का लागलात, तर एकदाच नीट सांगते.

आधी होडी कुठली ते सांगते. २२ फुटी, उलांडीची (उलांडी म्हणजे तोल राखायला बाजूला आडव्या काठ्यांवर जोडलेलं तरंगतं लाकूड), बाबांनी १९८९ मध्ये बांधून घेतलेली. आजोबांची त्याच्याही आधीची होडी सुंभाने शिवलेली होती, फळीला भोकं पाडून काथ्याच्या दोरीने फळीला फळी आवळायची, सांध्यात काथ्या भरायचा, खिळा एक नाही. बाबांची मात्र खिळ्यांची. दर काही महिन्यांनी होडी वाळूवर ओढून आडवी करायची, खालून झावळ्यांचा जाळ देऊन तळ शेकवायचा आणि मग माशाचं तेल चोपडायचं, हे मी लहानपणी इतक्या वेळा बघितलंय की तो वास अजून नाकात आहे. ते सगळं समुद्रातल्या किड्यासाठी. किडा म्हणतो आपण पण तो खरं तर शिंपल्याच्या जातीतलाच प्राणी, बाहेरून लाकडाला टाचणीएवढं भोक दिसतं आणि आतून फळीची चाळण झालेली असते.

२०१५ मध्ये बाबांनी एका ठिकाणी त्या होडीवर बाहेरून फायबर चढवून घेतलं. तेव्हा सगळेच करत होते, आता तेल नको शेकवणं नको असं सांगितलं गेलं होतं. नाव घेत नाही त्या जागेचं, पण जे झालं ते सांगते, कारण हे वाचून एखाद्याची तरी होडी वाचेल. त्यांनी साधं पॉलिस्टर रेझिन ओल्या जुन्या लाकडावर लावलं. पॉलिस्टर रेझिन फायबरवर छान बसतं पण लाकडाला ते नीट धरत नाही, वाळताना आक्रसतं, आणि जुन्या तेल प्यायलेल्या फळीवर तर विचारूच नका. तीनचार सीझन वरून होडी चकाचक. मग तळाला फुगे आले. दादाने एक फुगा फोडला तर आतून काळं पाणी आलं आणि बोट लाकडात गेलं, भिजवलेल्या पोह्यासारखं झालं होतं. बाहेरच्या किड्यापासून वाचवायला घातलेला अंगरखा आणि आतल्या आत पाणी अडकून लाकूड कुजलं. बाबा तेव्हा होते. ते काही बोलले नाहीत, नुसतं होडीवर हात ठेवून उभे राहिले. २०२२ ला ते गेले आणि होडी मांडवात तशीच पडून राहिली.

सगळ्यांचा सल्ला एकच, नवी फायबरची घ्या. खोटं नाही बोलत, फायबर स्वस्त पडते, लवकर मिळते, आणि दादाने दोन वर्षं दुसऱ्याची फायबरची वापरली पण. पण ती हलकी, लाटेवर नाचते, दिवसभर जाळं ओढून आल्यावर कंबर बोलते. आणि म्हातारी झालेली फायबरची होडी कुठं जाते हे किनाऱ्यावर फिरून बघा, माडाच्या बुडाशी उलटी पडलेली असते, कुजत नाही, जाळता येत नाही, कुणी नेत नाही. लाकूड टिकत नाही म्हणणाऱ्यांना मी एकच सांगते, मुंबईत वाडियांनी सागवानात बांधलेलं ट्रिंकोमाली हे जहाज १८१७ चं आहे आणि ते आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यात तरंगतं आहे. लाकूड टिकतं. त्याला कसं वागवता त्यावर आहे.

तर २०२३ च्या दिवाळीनंतर टेम्पोत घालून होडी वेंगुर्ल्याला नेली. तिथं मेस्तकाका, वय सत्तरच्या पुढं, आणि त्यांचा भाचा. भाच्याने मेकॅनिकलचा डिप्लोमा केलाय आणि गोव्यात शिडाच्या बोटी बांधणाऱ्या यार्डात काही वर्षं काम केलंय. तिकडे लाकडाच्या बारीक पट्ट्या आणि वर इपॉक्सीत (दोन भाग मापात कालवून बनणारं चिकट रेझिन) बसवलेलं काचेचं कापड अशी पद्धत तो शिकून आला. नौदलाची म्हादेई ही शिडाची बोट, जिच्यावरून दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने जगाला फेरी मारून आले, ती गोव्यातच दिवाडीच्या अॅक्वेरियस यार्डात बांधलेली, आणि तिच्यातही आत लाकूड बाहेर फायबरग्लासच आहे. म्हणजे ही काही नवखी गोष्ट नाही, सगळे महासागर पार करून झालेली पद्धत आहे, फक्त आपल्या उलांडीच्या होडीपर्यंत ती पोचली नव्हती.

पहिल्या दिवशी वाटलं होतं मेस्तकाका लाकूड तासायचं वाकस घेऊन कुजलेल्या फळ्या काढायला लागतील. तसं नाही झालं, जुनीचा आकार उतरवून घेऊन त्यावरून नवी बांधायची होती. भाच्याने सगळ्या होडीला कागदी टिकल्या चिकटवल्या, नाळेपासून म्हणजे पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत, आतून बाहेरून, आणि सकाळभर फोटो काढत होडीभोवती फिरला, दोनशे तरी काढले असतील. संध्याकाळी लॅपटॉपवर आख्खी होडी फिरत होती, वरून खालून कशीही. दादा तर खुळावल्यासारखा बघत राहिला. मला पण भरून आलं, कारण बाबांच्या होडीचा आकार असा कुठं कागदावर कधीच नव्हता, तो बांधणाऱ्या मेस्ताच्या डोक्यात होता आणि ते मेस्त कधीच वारले.

आता इथं जी गोष्ट झाली त्यासाठीच खरं मी हा एवढा मोठा रिव्ह्यू लिहितेय. मेस्तकाका लॅपटॉपकडे बघून एवढंच म्हणाले, "ही होडी न्हय, ही होडयेची म्हातारपणातली पाठ." मग त्यांनी सूत घेतलं, नाळेपासून मागपर्यंत ताणून बांधलं आणि दाखवलं की मधला भाग वर आलाय, दोन्ही टोकं खाली झुकलीत. सव्वादोन इंच. चौतीस वर्षं दोन्ही टोकांचं वजन झेलून लाकडी होडी अशी वाकते, मोठ्या जहाजांचं पण होतं हे. स्कॅन चूक नव्हता, स्कॅनने जे आहे ते अचूक पकडलं होतं, पण जे आहे ते मूळचं नव्हतं. त्यावरून नवी बांधली असती तर नवीकोरी होडी पहिल्या दिवसापासून पाठीतून वाकलेली.

भाच्याने कॉम्प्युटरवर पठाण, म्हणजे होडीच्या तळाचा लांब कणा, सरळ करून टाकली, रेघ मारल्यासारखी. तर काका म्हणाले, "सरळ नको रे. नाळीकडे चार बोटा उचल." त्यांचं म्हणणं, आमच्या बाजूला किनाऱ्याला लाट फुटते त्यातून होडी बाहेर काढायची असते, नाळ थोडी उचललेली नसेल तर पहिल्याच लाटेला तोंडात पाणी. भाचा म्हणे याला पुरावा काय. दोघांचं थोडं वाजलंच. मग मला आठवलं की आमच्या जुन्या अल्बममध्ये १९९१ च्या नारळी पौर्णिमेचा एक फोटो आहे, होडीला पताका लावलेल्या, बाबा नारळ घेऊन उभे आणि होडी बरोबर बाजूने दिसते, शेजारी माणूस उभा असल्यामुळे माप पण काढता येतं. पुढच्या रविवारी घेऊन गेले. भाच्याने फोटो स्कॅन करून लॅपटॉपवरच्या रेषेवर ठेवला. नाळेकडचा उठाव तीन इंचाच्या वर भरला. चार बोटं म्हणजे तेवढंच. काका काही बोलले नाहीत, विडी पेटवून बाहेर गेले, आणि भाच्याने गुपचूप रेघ उचलली.

लाकडाबद्दल लिहायलाच हवं. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळात आमच्या परसातला फणस पडला होता, आईने लावलेला. आईने तो विकू दिला नव्हता, गिरणीतून फळ्या कापून माळ्यावर रचून ठेवल्या होत्या, मध्ये काठ्या घालून वारा खेळता ठेवून. भाच्याने ओल मोजायचं छोटं मशीन फळीत टोचलं, तेरा टक्के. तो उडालाच. विकत आणलेल्या लाकडात त्याला बावीस, चोवीस मिळत होते. इपॉक्सीला लाकूड बारा ते पंधराच्या आसपास लागतं, त्याहून जास्त ओल असेल तर चिकटलं तरी पुढे दगा देतं, २०१५ ला आमचं जे झालं तेच. त्यामुळं अंगाच्या सगळ्या पट्ट्या आमच्या फणसाच्या. आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी लिहून ठेवलंय की आरमाराला आंबा फणसाचं लाकूड कामाचं असलं तरी रयतेच्या झाडाला हात लावू नका, ही झाडं वर्ष दोन वर्षात होत नाहीत, लोकांनी ती लेकरासारखी वाढवलेली असतात, अगदीच जीर्ण झालेलं असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन मगच तोडा. मी हे आईला वाचून दाखवलं. तिने पट्ट्या मोजून दिल्या आणि उरलेल्या परत आणायला सांगितल्या, आणल्या पण.

पठाणीसाठी ऐन हे लाकूड विकत घेतलं, ते ओलं होतं. कोकणात लाकूड सुकवणं म्हणजे काय ते इथल्यांनाच कळेल. त्यांनी प्लास्टिकच्या कागदाची बंद खोली केलीय, वरून ऊन, आत पंखा, त्यात तो ऐन तीन महिने होता. दादा दर आठवड्याला फोन करायचा, झालं का, झालं का. काका म्हणायचे, "लाकूड सुकला नाय अजून, तू ये नायतर नको येव." मला तेव्हा राग यायचा. आता येत नाही.

बांधणीत काय वेगळं ते थोडक्यात. पूर्वी वाकांसाठी, म्हणजे होडीच्या आतल्या फासळ्यांसाठी, नैसर्गिक वाकलेलं खोड शोधत मेस्त रानात फिरायचे, बाभळीचा बाक बघून ठेवायचे. आता तसली झाडं कुठं राहिलीत. इथं सागाच्या सहा मिलीमीटरच्या पट्ट्या साच्यावर वाकवून एकावर एक चिकटवतात, आठ थर, सुकल्यावर तो वाक जन्मभर त्याच आकारात राहतो आणि लाकडाच्या रेषा कुठं तुटत नाहीत म्हणून एका लाकडातून कोरलेल्यापेक्षा मजबूत. साचे कॉम्प्युटरच्या फाईलवरून कुडाळच्या एमआयडीसीत फर्निचरवाल्याच्या सीएनसी मशीनवर कापून आणले, अकरा साचे, अर्ध्या दिवसात. काका म्हणाले हेच हाताने करायला त्यांना पंधरा दिवस लागले असते आणि डोळे आता तेवढे चालत नाहीत. मशीनचं त्यांना अजिबात वाईट वाटलं नाही, उलट एकेक साचा हातात घेऊन कडा बोटाने चाचपून बघत होते. साचे उभे केल्यावर मात्र ओळंबा आणि सूत त्यांचंच, आणि दोन साचे त्यांनी रंध्याने परत उतरवले. का ते विचारलं तर म्हणाले फळी बसताना कळतं.

त्यांना जे पटत नव्हतं ते वेगळंच होतं. जुनी होडी पाण्यात घातली की पहिले दोन दिवस गळते, मग लाकूड पाणी पितं, फुगतं, सांधे आपोआप आवळतात. हे त्यांनी जन्मभर केलं. नव्या पद्धतीत लाकडाला पाण्याचा थेंब पण लागू द्यायचा नाही. "पाणी पियाल्याशिवाय लाकूड गच्च बसतला कसा?" हा प्रश्न त्यांनी मला पण विचारला. भाच्याने मग दोन तुकडे केले, एक उघडा एक सगळीकडून इपॉक्सीने बंद केलेला, दोन्ही महिनाभर बादलीत बुडवून ठेवले आणि मशीनने मोजून दाखवले. काकांनी बंद केलेला तुकडा वाकसाने फोडून आतलं लाकूड जिभेला लावून बघितलं. कोरडं. त्यानंतर मात्र पट्ट्या बसवताना तेच जास्त कडक झाले, कुठं एक केसाएवढी फट राहिली तरी काढायला लावायचे.

सुहेलीची गोष्ट मला भाच्यानेच सांगितली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ३२ फुटी सागवानी बोट, मुंबईत आपल्याच कारागिरांनी बांधलेली, तिच्यावरून ते १९६८ च्या जूनमध्ये इंग्लंडातून निघाले आणि ३१२ दिवसांनी एप्रिल १९६९ मध्ये कुठेही न थांबता एकटे जगाला फेरी मारून परत आले, असं करणारे पहिले. पण वाटेत पठाणीजवळचा सांधा गळायला लागला आणि त्यांना भर समुद्रात पाण्याखाली बुड्या मारून सांध्यात कापूस ठोकून वर कॅनव्हास आणि तांब्याची पट्टी मारावी लागली. भाचा म्हणतो, अख्ख्या बोटीत कमजोर होता तो सांधा, लाकूड नाही. पट्ट्या एकमेकींना चिकटवून सगळं अंग एकजीव केलं की तो सांधाच राहत नाही.

आता तक्रारी, कारण सगळं गोड नव्हतं. एप्रिलमध्ये एका दुपारी पोरांनी इपॉक्सी एकदम जास्त कालवलं, उन्हाळा, आणि डब्यातच तापून धूर यायला लागला, फेकून द्यावं लागलं, पैसे गेले. दुसऱ्या एका जागी डाव्या बाजूला मापात चूक झाली आणि ते सुकलंच नाही, आठवड्याने पण चिकट. मी स्वतः हात लावून बघितला. त्यांनी ते सगळं खरवडून, पुसून, परत केलं आणि त्याचे पैसे लावले नाहीत, हे मान्य करते. नंतर वजनकाट्यावर मोजूनच कालवायला लागले, आणि कोट संध्याकाळीच. त्याचं कारण मला आवडलं, सकाळी लाकूड तापत जातं तशी त्यातली हवा बाहेर येते आणि कोटात बुडबुडे धरतात, संध्याकाळी लाकूड गार होताना उलट रेझिन आत ओढून घेतं. पण ही अक्कल आमच्या होडीवर प्रयोग होण्याआधी असायला हवी होती.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. घासकाम करणारी पोरं मास्क न लावता काम करत होती, इपॉक्सीची आणि सागाची धूळ, एकाच्या हातांना पुरळ उठलेलं. मी बोलले. हातमोजे आले, मास्क आले पण गळ्यात लटकलेले असतात. तुम्ही गेलात तर तुम्ही पण बोला, गिऱ्हाईकाने बोललं की फरक पडतो.

आणि उशीर. मे २०२४ म्हणाले होते, हातात मिळाली नोव्हेंबरला. त्या वर्षीची नारळी पौर्णिमा होडीशिवाय गेली, ते दादाला फार लागलं. तीन महिने लाकडाचे मी समजू शकते, बाकीच्या तीन महिन्यांत दुसऱ्याचं काम मध्ये घेतलं हे सरळ आहे. खर्च एकूण ४ लाख ६० हजार आला, त्यात इंजिन नाही, आणि फणस घरचा होता. तेवढीच फायबरची याच्या निम्म्या पैशात मिळाली असती. पहिल्यांदा सांगितलेला आकडा ३ लाख ८० होता, वाढ इपॉक्सीमुळे झाली, पण मधे सांगायला हवं होतं, मी विचारल्यावर सांगितलं.

उलांडीवरून परत एकदा मामा भाच्याचं वाजलं. उलांडी पांगाऱ्याची, हलकी, ती तशीच ठेवायची यावर दोघांचं एकमत. पण आडव्या काठ्या होडीला कशा जोडायच्या. भाच्याला स्टेनलेसचे बोल्ट हवे होते. काकांना सुंभ. "बांधलेला हलतला पण मोडूचा नाय, बोल्ट मारलंस तर खय तरी मोडतला." आधी मला वाटलं हा नुसता जुन्याचा हट्ट. पण विचार करा, शिवलेली होडी सगळीकडून थोडी थोडी हलायची, लाटेचा धक्का अख्ख्या अंगात वाटला जायचा. ही नवी इपॉक्सीची होडी एकदम ताठ, कुठंच हलत नाही, मग सगळा धक्का बोल्टच्या भोकावर येणार आणि तिथूनच चीर पडून पाणी लाकडात जाणार. शेवटी सुंभच आलं. दरवर्षी बदलायचं, चारशे पाचशे रुपयांचं काम. गेल्या डिसेंबरात एकदा जोरात लाट बसली तेव्हा एक बांधणी तुटली, दादाने समुद्रातच दहा मिनिटांत दुसरी बांधली, होडीच्या अंगाला ओरखडा नाही.

याच दिवसांत कौंडिण्यची बातमी सगळ्या वाडीत फोनवर फिरत होती. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून बांधलेलं, काथ्याच्या दोरीने शिवलेलं नौदलाचं जहाज, गोव्यात होडी इनोव्हेशन्समध्ये बाबू शंकरन यांच्या हाताखाली बांधलं, २१ मे २०२५ ला कारवारला नौदलात दाखल झालं, आणि २९ डिसेंबरला पोरबंदरहून निघून १४ जानेवारी २०२६ ला मस्कतला पोचलं. त्याचा कुठं नकाशा मिळणार नव्हता, नुसतं भिंतीवरचं चित्र, म्हणून त्याच्या मॉडेलची चाचणी आयआयटी मद्रासने केली, आणि शिवायचं काम मात्र केरळच्या कारागिरांच्या हातांनी. मेस्तकाकांना भाच्याने व्हिडिओ दाखवला तेव्हा ते जहाजाकडे बघतच नव्हते, शिवणाऱ्यांच्या बोटांकडे बघत होते. मग म्हणाले, "गाठ आमची वेगळी." त्यांच्या लहानपणी त्यांनी शिवलेल्या होड्यांना हात लावलाय. भाच्याने त्यांची ती गाठ व्हिडिओवर घेऊन ठेवलीय, मी मागे लागले होते.

होडी कशी चालते. पहिल्या दिवशी पाण्यात घातली तेव्हा दादा सवयीने पाणी उपसायचा डबा घेऊन बसला होता. संध्याकाळपर्यंत आत कोरडी. जुन्यापेक्षा हलकी आहे, तेच इंजिन कमी ताणावं लागतं, पेट्रोल वाचतं असं दादाची वही सांगते, पण फायबरसारखी नाचत नाही, पाण्यात बसून राहते. नाळेचा उठाव काय करतो ते किनाऱ्यावरून बघताना कळलं, लाट फुटते तिथं ती आधी डोकं वर करते आणि मग शिरते. आई मांडवात उभी राहून बघत होती. "ही त्यांचीच," एवढंच म्हणाली.

घ्यायची काळजी म्हणजे एकच, ओरखडा. वाळूवर ओढताना पठाणीखाली किंजळाच्या लाकडाची घासपट्टी स्क्रूने लावलीय, ती झिजली की बदलायची. पण कुठं खडकाला लागून कोट फाटला आणि लाकूड दिसलं तर त्याच दिवशी होडी बाहेर काढायची, सुकवायची आणि बुजवायची, उद्यावर टाकायचं नाही. गेल्या फेब्रुवारीत एकदा झालं, भाच्याने फोनवर सांगितलं तसं दादाने स्वतः केलं, इपॉक्सीचा छोटा डबा घरात ठेवलेला आहे. आणि रंग हवाच, इपॉक्सी उन्हाला टिकत नाही, नुसता चकाकता पिवळा तळ छान दिसतो म्हणून तसाच ठेवायचा मोह होतो, ठेवू नका. जून २०२५ ला पावसाळ्यासाठी होडी शाकारून ठेवताना भाचा येऊन चार ठिकाणी ओल मोजून गेला, ऑगस्टला मांडवातून काढताना परत, सगळीकडे चौदाच्या आत. नारळी पौर्णिमेला तिची पूजा झाली, १९९१ च्या फोटोत बाबा उभे होते त्याच जागी दादा.

पाचातले चार स्टार. एक कापलाय तो उशीर आणि मास्कसाठी. रोजच्या मासेमारीवर घर चालत असेल आणि हातात दुसरी होडी नसेल तर एवढं थांबणं परवडणार नाही, तेव्हा फायबर घ्यायला लाजू नका. पण मांडवात जुनी होडी पडली असेल आणि घरचं सुकलेलं लाकूड असेल तर पावसाआधी जाऊन लाकडाचा एक तुकडा दाखवून या, ओल मोजायचे ते पैसे घेत नाहीत. काम ठरवलंत तर लेखी आकडा मागा, आणि होडीची कॉम्प्युटर फाईल पेनड्राइव्हवर मागून घ्या, आम्हाला मागितल्यावर दिली.

आणि आणखी एक. भाचा आता आसपासच्या वाड्यांमधल्या मोडायला आलेल्या होड्यांचे स्कॅन फुकट घेऊन ठेवतोय, तीन झाल्यात. पण सगळ्यांची पाठ वाकलेली आहे आणि मूळ आकार सांगणारं कुणी उरलं नाही. तुमच्या घरात लग्नाच्या, नारळी पौर्णिमेच्या, कसल्याही जुन्या अल्बममध्ये बाजूने दिसणारी होडी असेल, सोबत माणूस उभा असला तर फारच छान, तर तो फोटो काढून ठेवा, मला कळवा, मी त्याच्यापर्यंत पोचवते.